कोणता 'चार्ज', ताई?



आज आपण शब्दांचा इतिहास पाहणार आहोत. इतिहास म्हटलं की आपल्याला सिंदखेडराजाचा राजवाडा आठवतो, लोणारची मंदिरं आठवतात. पण आपण रोज उठून जे इंग्रजी शब्द बोलतो, लाईन, चार्ज, चेक, बॅलन्स, त्यांनाही इतिहास आहे. त्यातला बराचसा तर आपल्याच जिल्ह्यातल्या कापसाच्या गाड्यांबरोबर, स्टेशनातून आणि कचेरीतून चालत आलेला आहे. हा इतिहास नुसता गमतीचा नाही. तो माहीत असला तर उद्या बँकेत किंवा दवाखान्यात आपल्या कामी येतो.

आधी आपल्याच भाषेतला एक शब्द घेऊ. कळ. पोटात कळ येते. दिव्याची कळ दाबतो. दोन जावांमध्ये कोणीतरी कळ लावून देतं. आणि पीक हातात येईपर्यंत आपण कळ काढतो. चार अर्थ झाले, पण आपला कधी घोळ होत नाही. दुसरा शब्द दंड. एक दंड हाताचा, एक पहिलवान काढतो तो, आणि एक गटाच्या बैठकीला उशिरा आलं की भरावा लागतो तो. हे सगळे अर्थ आपण आईच्या मांडीवर बसून शिकलो. म्हणून कोणी 'दंड' म्हटलं की कोणता, ते विचारावं लागत नाही.

इंग्रजी शब्दांचं तसं नाही. ते आपल्याकडे पाहुण्यासारखे आले. त्यातही एका शब्दाचे सगळे अर्थ एकदम आले नाहीत. एक अर्थ पोलीस शिपायाबरोबर आला, दुसरा साहेबाबरोबर, तिसरा बँकेबरोबर आणि चौथा परवा परवा मोबाइलबरोबर. ज्या घरात जो अर्थ आला, तोच त्या घराला ठाऊक. एक अर्थ माहीत असला की आपल्याला वाटतं, हा शब्द आपल्याला येतो. फसगत तिथंच होते. कारण कागदावर तोच शब्द दुसऱ्या अर्थानं बसलेला असतो, आणि खाली सही आपली असते.

आता हे शब्द आपल्या वऱ्हाडात कसे आले, ते वाटेवाटेनं पाहू.

कापसाची वाट

१८५३ साली हैदराबादच्या निजामानं फौजेच्या खर्चाच्या थकलेल्या पैशापोटी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. इथं पहिलाच शब्द भेटला, 'कंपनी'. त्या काळी 'कंपनी सरकार' म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा. पुढे नाटक कंपनी आली. आज आपल्याच बाया शेअर भरून शेतकरी उत्पादक कंपनी काढतात. आणि 'ये ना वं, थोडी कंपनी दे' म्हणजे जरा सोबतीला बस. या शब्दाचं मूळ मोठं गोड आहे. जुन्या लॅटिन भाषेत 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे रोटी. जे एकत्र बसून भाकर खातात, ते सोबती. त्या सोबत्यांचा जथा म्हणजे कंपनी. तसं पाहिलं तर आपला बचत गट हीसुद्धा एक कंपनीच.

१८६१ मध्ये अमेरिकेत आपसातलं युद्ध पेटलं आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला. गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. त्याच दशकात आगगाडीचा मोठा मार्ग आपल्या मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाववरून पुढे नागपूरपर्यंत गेला. खामगाव तेव्हा कापसाची मोठी बाजारपेठ, पण ते मुख्य मार्गापासून थोडं आत राहिलं. म्हणून जलंब ते खामगाव असा साधारण १३ किलोमीटरचा फाटा खास बांधला गेला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हातून तो सुरू झाला. एवढ्याशा फाट्यासाठी देशाचा सर्वांत मोठा साहेब आला, यावरून कापसाचं मोल लक्षात येईल.

या कापसानं आपल्याला दोन शब्द दिले. 'जिन' आणि 'प्रेस'. पूर्वी सरकी आणि रुई हाताच्या चरकीवर वेगळी करायचे. मग यंत्रं आली. सरकी काढायचं यंत्र म्हणजे जिन. आजही आपल्याकडे 'ती जिनात कामाला जाते' असं म्हणतात. हा शब्द दुसरा तिसरा काही नसून 'इंजिन' या शब्दाचंच मागे उरलेलं रूप आहे. पण शहरात मोठ्या हॉटेलात 'जिन' मागितली तर दारू समोर येईल. ती जिन वेगळी. जेनेव्हर नावाच्या हॉलंडमधल्या दारूच्या नावाचं ते तोकडं रूप. आणि गोष्टीतल्या दिव्यातून धूर होऊन बाहेर येणारा जिन तिसराच, तो अरबी. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. म्हणजे शब्द ऐकायला सारखा असला तरी नातं असेलच असं नाही.

'प्रेस'चं मात्र उलटं आहे. रुई दाबून गाठी बांधायचा कारखाना म्हणजे प्रेस. मोकळी रुई डब्यात जागा फार खाते, म्हणून ती दाबूनच आगगाडीत आणि पुढे जहाजात भरायची. छापखाना म्हणजेही प्रेस, कारण तिथं अक्षरांवर कागद दाबतात. छापखान्यावरून वर्तमानपत्रवाले प्रेसवाले झाले. आणि कपड्यांना इस्त्री करणं म्हणजे प्रेस करणं. सगळीकडे एकच काम, दाबणं. हे एकाच आईचे चार लेक आहेत, फक्त धंदे वेगवेगळे.

तर शब्दांचे हे दोन प्रकार लक्षात ठेवा. काही शब्द जिनसारखे, नावापुरते सारखे. काही प्रेससारखे, एका मुळातून फुटलेले. मूळ सापडलं की सगळ्या अर्थांचा उलगडा होतो.

स्टेशनाची वाट

आगगाडीबरोबर 'लाईन' आली. आधी ती लोखंडाची होती, रेल्वे लाईन. मग तारांची झाली. म्हणून वीज गेली की आपण आजही म्हणतो, 'लाईन गेली.' रेशनच्या दुकानापुढे लाईन लागते. फोनची लाईन लागत नाही. मुलाकडचे विचारतात, 'पोरगी कोणत्या लाईनला आहे?' म्हणजे काय शिकते, कोणत्या धंद्यात आहे.

या लाईनचं मूळ ऐकून तुम्हाला आपलेपणा वाटेल. लॅटिनमध्ये जवसाच्या जातीच्या अंबाडीसारख्या झाडाला 'लिनम' म्हणतात. त्याच्या धाग्याला 'लिनिया'. म्हणजे लाईन म्हणजे मुळात सूत. आपल्याकडेही गवंडी भिंत सरळ यावी म्हणून सूत धरतो. आपण म्हणतो, 'सुतासारखा सरळ झाला.' त्यांनी धाग्यावरून रेघ काढली, आपणही काढली. माणसं दूरदूरची, पण डोकं सारखंच चाललं.

कचेरीची वाट

इंग्रजांबरोबर पोलीस ठाणं, कोर्ट आणि कचेरी आली, आणि तिथून 'चार्ज' आला. या शब्दानं तर कमाल केली आहे. पोलिसांनी चार्ज ठेवला, म्हणजे आरोप ठेवला. त्याचा कागद ती चार्जशीट. नव्या ग्रामसेवकानं चार्ज घेतला, म्हणजे पदभार घेतला. लाठीचार्ज झाला, म्हणजे लाठीमार. मोबाइल चार्जला लावला, म्हणजे त्यात वीज भरली. आणि बँकेनं चार्ज लावला, म्हणजे आपले पैसे कापले.

पाच अर्थ, आणि पाचही एका बैलगाडीतून निघालेले. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडी. गाडीत माल भरणं, तिच्यावर ओझं लादणं, यावरून चार्ज हा शब्द बनला. आता पाहा. माणसावर गुन्ह्याचं ओझं लादलं, तो आरोप. खुर्चीबरोबर कामाचं ओझं आलं, तो पदभार. मोबाइलमध्ये विजेचा माल भरला. आणि आपल्या खात्यावर खर्चाचं ओझं टाकलं. आपल्या मराठीतही 'पदभार' या शब्दात 'भार' बसलेलाच आहे. 'आरोप' या संस्कृत शब्दाचाही मूळ अर्थ वर ठेवणं, लादणं असाच आहे. म्हणून कुठल्याही कागदावर 'चार्ज' दिसला की मनात एकच प्रश्न आणायचा. हे ओझं कोणावर पडतं आहे?

कोर्टाचेच आणखी दोन शब्द. 'केस' आणि 'बेल'. डोक्यावरचे केस आपले, संस्कृत केशावरून आलेले. कोर्टातली केस म्हणजे खटला, आणि दवाखान्यातला केसपेपर म्हणजे आजाराची हकिगत. या दोन्ही 'केस' एकाच मुळाच्या, अर्थ 'घडलेली गोष्ट'. पण चष्म्याची केस म्हणजे डबी, ती वेगळ्याच मुळाची. तसंच बेल. महादेवाला वाहतो तो बेल, शाळा सुटताना वाजते ती बेल, आणि कोर्टात मिळते ती बेल, म्हणजे जामीन. इंग्रजीत घंटेची बेल आणि जामिनाची बेल वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. आपल्या लिपीत आली की दोन्ही एकसारखी दिसतात. म्हणून मराठीत लिहिलेला इंग्रजी शब्द वाचताना नुसतं अक्षर वाचून भागत नाही. शेजारचे शब्दही पाहावे लागतात.

कचेरीतला सर्वांत वजनदार शब्द मात्र 'सेटलमेंट'. १८६०च्या दशकात वऱ्हाडात जमिनी मोजायला सुरुवात झाली. शेताशेताला नंबर पडले, सारा ठरला. या सगळ्याला इंग्रज सेटलमेंट म्हणायचे, आपण जमाबंदी म्हणतो. आजही पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांच्या पदाला इंग्रजीत सेटलमेंट कमिशनर म्हणतात.

मग १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींतलं लेकरू जन्मालाच गुन्हेगार ठरलं. पुढे अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड डांबलं, रोजची हजेरी लावली. त्या वसाहतींचं नावही सेटलमेंटच. सोलापूरची सेटलमेंट प्रसिद्ध आहे. त्या कुंपणातल्या माणसांना खरी मोकळीक मिळाली ती स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ला. एका शब्दानं एकाला जमिनीचा सातबारा दिला आणि दुसऱ्याला कुंपण दिलं.

आज तोच शब्द आपण किती हौसेनं बोलतो. 'पोरगी पुण्यात सेटल झाली.' आणि कर्ज थकलं की वसुलीवाला म्हणतो, 'ताई, सेटलमेंट करून टाका.' या शेवटच्या सेटलमेंटकडे आपण परत येऊ. तिथं जास्त सावध राहायला हवं.

बँकेची वाट

बँक आपल्या गावात उशिरा आली. १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. १९ जुलै १९६९ला १४ मोठ्या बँका सरकारनं ताब्यात घेतल्या आणि त्यानंतर खेड्यापाड्यांत शाखा वाढल्या. तरी बाईच्या नावानं खातं ही गोष्ट दुर्मीळच होती. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, स्थापन झालं. १९९२ मध्ये नाबार्डनं देशभरात ५०० बचत गट बँकेला जोडायचा प्रयोग केला. त्यातून पुढे आपण सगळ्या जणी काउंटरपर्यंत पोचलो. काउंटरवर शब्दांची रांगच उभी होती.

पहिला 'चेक'. बँकेचा चेक, साडीवरचे चेक्स, आणि 'जरा चेक करून पाहा' यातला चेक. हे तिन्ही बुद्धिबळाच्या पटावरून आले. फारसी 'शाह' म्हणजे राजा. राजा धोक्यात आला की खेळणारा 'शाह' म्हणायचा. हाच शब्द युरोपात फिरत फिरत 'चेक' झाला. राजाला अडवणं, यावरून रोखणं आणि तपासणं हा अर्थ आला. पटाच्या चौकटींवरून कापडाचे चेक्स आले. इंग्लंडच्या राजाचा हिशेब तर चौकटीचं कापड अंथरलेल्या टेबलावर मांडत असत, त्याच घराण्यातून बँकेच्या चेकपर्यंत वाट आली. आणि तोच फारसी शब्द आपल्या मराठीत 'शह' म्हणून आधीच राहत होता. म्हणजे आपण 'शह दिला' म्हणतो आणि 'चेक दिला' म्हणतो, दोन्हीकडे शब्द एकच.

दुसरा 'क्रेडिट'. मोबाइलवर मेसेज येतो, खात्यात अमुक रुपये क्रेडिट झाले. म्हणजे पैसे जमा झाले, आपले झाले. पण क्रेडिट कार्ड, क्रेडिट लिमिट यातलं क्रेडिट म्हणजे उधारी. पैसा दुसऱ्याचा आहे, वापरला तर फेडायचा आहे. एकाच शब्दाचे अर्थ इतके उलटे! मूळ पाहिलं तर 'क्रेडिट' म्हणजे विश्वास. तुम्ही पैसे ठेवले, बँकेवर विश्वास टाकला. बँकेनं उसने दिले, तुमच्यावर विश्वास टाकला. याला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे, पत. पतसंस्थेतली पत तीच. मेसेजमध्ये क्रेडिट दिसलं की आनंद करायच्या आधी पाहायचं, जमा झालं आहे की उसनं मिळू शकतं असं सांगताहेत.

'बॅलन्स'चंही तसंच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दोन पारड्यांचा, म्हणजे तराजू. बचत खात्याच्या पासबुकात बॅलन्स म्हणजे तुमची शिल्लक. कर्जखात्याच्या उताऱ्यावर बॅलन्स म्हणजे तुमच्याकडून येणं असलेली बाकी. आकडा तोच दिसेल, पण एक तुमचा आणि एक बँकेचा.

तिसरा 'इंटरेस्ट'. मुलीला शिवणकामात इंटरेस्ट आहे, म्हणजे आवड. बँकेचा इंटरेस्ट म्हणजे व्याज. यामागे युरोपातला जुना कायदा आहे. कर्ज वेळेवर परत नाही मिळालं तर देणाऱ्याचं जे नुकसान होई, त्याची भरपाई म्हणजे इंटरेस्ट. ज्या गोष्टीशी आपला संबंध आहे, ज्यानं आपल्याला फरक पडतो, ती गोष्ट असा त्या शब्दाचा गाभा. आपला 'व्याज' शब्दही काही साधा नाही. संस्कृतात व्याज म्हणजे निमित्त, कपट. म्हणून 'निर्व्याज प्रेम' म्हणजे बिनव्याजी प्रेम नव्हे, तर ज्यात कपट नाही ते प्रेम.

आता व्याजाच्या कागदावरचा खरा अवघड शब्द, 'फ्लॅट'. आपल्याला फ्लॅट म्हणजे शहरातलं घर माहीत. शब्दाचा अर्थ सपाट. फ्लॅट रेट म्हणजे व्याज पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत सपाट. मुद्दल फिटत गेलं तरी व्याज उतरत नाही.

हिशेबच करू. समजा १२,००० रुपये कर्ज घेतलं. वर्षाला १२ टक्के. दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडायचं, १२ महिन्यांत मोकळं. फ्लॅट रेटनं व्याज पूर्ण १२,०००वर वर्षभर, म्हणजे १,४४० रुपये. पण उरलेल्या मुद्दलावर व्याज असेल तर पहिल्या महिन्यात १२० रुपये, दुसऱ्या महिन्यात ११,०००वर ११०, तिसऱ्यात १००, असं उतरत शेवटी १० रुपये. बेरीज करा, ७८० रुपये. दोन्ही कागदांवर '१२ टक्के' असंच लिहिलेलं असेल. फरक ६६० रुपयांचा, आणि तो सगळा 'फ्लॅट' या एका शब्दात दडलेला.

आता 'सेटलमेंट'कडे वळू. थकलेल्या कर्जात काही रक्कम सोडून उरलेली एकदम भरायची, याला वन टाइम सेटलमेंट म्हणतात. कधी कधी ती खरोखर गरजेची असते, त्यात वाईट काही नाही. पण पूर्ण फेडणं आणि सेटल करणं एक नव्हे. पत तपासणाऱ्या कंपन्यांच्या नोंदीत, ज्याला आपण सरसकट सिबिल म्हणतो, पूर्ण फेडलेल्या कर्जापुढे 'क्लोज्ड' लागतं. तडजोड केलेल्या कर्जापुढे 'सेटल्ड' लागतं. आपल्याला वाटतं, सेटल झालं म्हणजे चांगलंच झालं, पोरगी सेटल झाली तसं. पण पुढच्या वेळी कर्ज मागायला गेलं की तोच शब्द आडवा येतो, कारण बँक त्याचा अर्थ 'पूर्ण पैसे आले नव्हते' असा लावते. म्हणून सही करण्याआधी विचारायचं, हे क्लोज होणार की सेटल? आणि पैसे भरून झाले की बाकी नसल्याचा दाखला हातात घ्यायचा. ही आपली नोंद प्रत्येक पत-माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट पाहता येते.

दवाखान्याची वाट

दवाखान्यातला एकच शब्द घेते, 'पॉझिटिव्ह'. शाळेत, शिबिरात सगळे सांगतात, पॉझिटिव्ह राहा. म्हणजे मनानं खंबीर राहा, चांगला विचार करा. मग २०२० साल आलं, आणि 'पॉझिटिव्ह' शब्द ऐकला की घरात रडारड सुरू व्हायची. हे असं कसं?

मूळ शब्दाचा अर्थ 'ठेवलेलं', 'पक्कं असलेलं'. तपासणीच्या कागदावर पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंही नाही आणि वाईटही नाही. जे शोधत होते ते सापडलं, एवढंच. निगेटिव्ह म्हणजे सापडलं नाही. काय शोधत होते, त्यावर सगळं अवलंबून. गरोदरपणाची पट्टी पॉझिटिव्ह आली तर घरात पेढे. टीबीची तपासणी पॉझिटिव्ह आली तर औषध सुरू. सिकलसेलची पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करून ती व्यक्ती नुसती वाहक आहे की रुग्ण, ते पाहावं लागतं. म्हणून कागद हाती आला की 'आढळलं' किंवा 'आढळलं नाही' असं वाचायचं, आणि काय आढळलं ते विचारायचं.

रक्तगटातलं पॉझिटिव्ह तर आणखी निराळं. रक्ताचे गट शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मांडले. १९४०मध्ये त्यांनी आणि वीनर यांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांवरच्या प्रयोगातून रक्तातला आणखी एक घटक दाखवून दिला. तो असला तर पॉझिटिव्ह, नसला तर निगेटिव्ह. यात रोग काहीच नाही. 'सुनेचं रक्त निगेटिव्ह निघालं' म्हणून तोंड वाईट करायचं कारण नाही. पण तिला दिवस गेले की डॉक्टरांना हे लगेच सांगायला हवं. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत तिला एक इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला धोका असतो.

आपल्याकडून गेलेला शब्द

इतका वेळ आपण तिकडून आलेले शब्द पाहिले. आता आपल्याकडून तिकडे गेलेला एक. आपल्याकडे पाणी साठवायला टाकं असतं, टाकी असते. किल्ल्यांवर खडकात खोदलेली टाकी तुम्ही पाहिली असतील. गुजराती-मराठीतल्या या शब्दावरून इंग्रजीत 'टँक' शब्द गेला, असं इंग्रजी शब्दकोश सांगतात. पोर्तुगीजांचा 'टांक' हा शब्दही त्यात मिसळला असावा. सतराव्या शतकात इकडे आलेले इंग्रज आपल्या तळ्यांना टँक म्हणू लागले.

मग पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी लोखंडी रणगाडा बनवला. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून कारखान्यात सांगितलं, ही पाण्याची टाकी आहे, टँक आहे. १५ सप्टेंबर १९१६ला फ्रान्समध्ये तो रणगाडा लढाईत उतरला आणि ते खोटं नाव त्याला कायमचं चिकटलं. पाण्याच्या टाक्याचा झाला रणगाडा. आणि आज उन्हाळ्यात विहिरी आटल्या की आपल्याकडे येतो तो टँकर. ज्या सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या काळचे मोती तलाव आणि चांदणी तलाव आहेत, त्याच भागात बाया हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. आपला शब्द सगळं जग फिरून आला, पाणी मात्र आपल्याला अजून पुरेसं नाही.

मग करायचं काय?

इंग्रजी शब्द वापरूच नका, असं मी म्हणणार नाही. १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी सरकारनं भाषा संचालनालय स्थापन केलं आणि कारभारासाठी मराठी शब्द तयार झाले. पदभार, आरोपपत्र, ताळेबंद हे शब्द स्पष्ट आहेत, जिथं जमेल तिथं वापरावेत. पण लाईन, बस, मोबाइल आता आपलेच झाले. प्रश्न शब्द कुठला हा नाही. प्रश्न आहे, त्याचा अर्थ ठरवायचा हक्क कोणाकडे. ज्याला सगळे अर्थ माहीत, तो कागद लिहितो. ज्याला एकच माहीत, तो सही करतो. बायांच्या बाबतीत हे फार वर्षं चाललं.

म्हणून पुढच्या बैठकीपासून तीन प्रश्नांची सवय लावू. इंग्रजी शब्द आला की पहिला प्रश्न, 'हा कोणता?' चार्ज म्हणजे कोणता चार्ज, बॅलन्स म्हणजे कोणाचा. दुसरा प्रश्न, 'मराठीत सांगाल का?' सांगणाऱ्यालाच मराठीत सांगता आलं नाही, तर त्यालाही तो नीट कळलेला नाही असं समजा. तिसरा प्रश्न, 'किती, आणि किती दिवसांचं?' टक्का महिन्याचा की वर्षाचा? आपल्या गटात शेकडा दोन म्हणतो तो महिन्याचा, म्हणजे वर्षाचे २४ झाले.

आणि असं विचारणं म्हणजे कोणावर उपकार मागणं नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४पासून नव्या किरकोळ कर्जाबरोबर मुख्य माहितीचं एक पत्रक द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, ते लिहिलेलं असतं. मायक्रोफायनान्सच्या कर्जाचं कार्डसुद्धा समजेल त्या भाषेत हवं, हा नियम २०२२पासून आहे. आणि असं कर्ज मुदतीआधी फेडलं तर त्यावर दंड लावता येत नाही. तेव्हा पत्रक मागा, मराठीतच मागा, आणि बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचून दाखवा.

गटाच्या वहीचं शेवटचं पान या शब्दांसाठी ठेवा. शब्द लिहा, आणि पुढे एक, दोन, तीन असे नंबर घालून अर्थ लिहा. मोल्सवर्थ साहेबानं १८३१ साली मराठीचा मोठा शब्दकोश छापला, त्यातही एका शब्दाचे असे अनेक अर्थ ओळीनं मांडलेले आहेत. त्याच्या मदतीला शास्त्रीपंडित होते. आपल्या मदतीला शाळेत जाणाऱ्या आपल्या मुली आहेत. तुमच्या गावात कोणता शब्द दोन-तीन अर्थांनी चालतो, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमच्या शब्दांवर बोलू.